तोतारामभाऊंचं रेफ्युजी

तोतारामभाऊंनी औषधाची रिकामी पट्टी कधी फेकली नाही, कारण त्यांची पट्टी कधी रिकामी झालीच नाही. दहा कॅप्सूलच्या पट्टीतली आठ घरं फुटलेली आणि शेवटची दोन शाबूत, हा त्यांचा नियम. रोज दोन याप्रमाणे चार दिवस घ्यायच्या आणि पाचव्या दिवशी सुटी. सहाव्या दिवशी नवी पट्टी, पुन्हा चार दिवस, पुन्हा सुटी. उरलेल्या कॅप्सूल ते पत्र्याच्या एका गोल डबीत टाकत. डबी कधीकाळी मिसरीची असावी. पहिल्यांदा मी ती पट्टी पाहिली तेव्हा मला वाटलं, म्हातारा विसरला.

"भाऊ, ह्या दोन राह्यल्या तुमच्या," मी म्हणालो.

"राह्यल्या नाई, ठेवल्या," तोतारामभाऊ म्हणाले. "हे रेफ्युजी हाये. यात शास्त्र हाये, बाप्पा."

जानेफळला माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरच्या या बाजूला उभं राहून मी माणसांचे पुष्कळ नमुने पाहिलेत. पाच दिवसांचं औषध लिहिलेलं असताना "दोन दिवसाचं दे, बरं वाटलं तं पुढचं पाहू" म्हणणारे. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून तीच लाल गोळी मागणारे. एकाच चिठ्ठीवर सासू, सून आणि म्हैस अशा तिघींचं भागवणारे. या सगळ्यांशी मी रोज भांडतो. खरं सांगायचं तर आता भांडतो. सुरुवातीच्या वर्षांत मीही मुकाट्यानं दोन-दोन दिवसांचे तुकडे कापून देत होतो, आणि त्याची मला आजही लाज वाटते. पण औषध चुकवण्यालाच कार्यक्रम मानून तो पंचांगासारखा पाळणारा माणूस मला एकच भेटला.

तोतारामभाऊंचं वय पासष्टच्या आसपास. अंगात खिशाची बंडी, डोक्यावर टोपी आणि छातीशी दोरीनं बांधलेलं भिंग. हे भिंग त्यांच्या स्वभावाचा अर्धा भाग होतं. छापलेला कागद हातात आला की तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय ते सोडत नसत. खताच्या पोत्यावरचं वाचत, बिस्किटाच्या पुड्यावरचं वाचत. औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी मी वीस वर्षांत उघडली नसेल, ती ते माझ्या काउंटरवर पसरून वाचत आणि मागे गिऱ्हाइकांची रांग लावत. कुणी कुरकुरलं की म्हणत, "घाई असन तं तिकडच्या दुकानात जा. तिथं न वाचता देतात."

आता हे रेफ्युजी काय, ते सांगायला हवं, नाहीतर कपाशीशी संबंध नसलेल्या वाचकाला म्हातारा वेडा वाटेल. आमच्याकडे बीटी कपाशीच्या पिशवीत तेव्हा एक छोटं पाकीट वेगळं येई, साध्या कपाशीचं. ते शेताच्या चारी बाजूंनी पेरायचं. बीटीचं झाड खाल्लं की बोंडअळी मरते. पण हजारांत एखादी न मरणारी निघतेच. अशा दोन दांडग्या अळ्यांचे पतंग एकमेकांना भेटले तर त्यांची पिल्लंही दांडगी. म्हणून कडेच्या साध्या कपाशीवर थोड्या साध्या अळ्या जगू द्यायच्या. मग दांडगीची सोयरीक साधीशी होते, आणि पुढची पिढी बीटीनं मरण्याइतपत मऊ राहते. आपल्याच वावरातल्या पाचव्या हिश्श्यात अळीला मुद्दाम जेवू घालायचं, असा हा मामला. या पाकिटाला सगळे रेफ्युजी म्हणत, आणि सगळेच ते फेकून देत.

पेरत असे ते एकटं तोतारामभाऊंचं वावर. चारी बांधांना लागून चार-चार ओळी, पानांची चाळण झालेली, फवाऱ्याचा एक थेंब नाही. येणारे-जाणारे हसत. पारावर कुणी म्हणे, "तोताराम अळीले जेवन घालून राह्यला. पंगत बसवली का नाई आज?" तोतारामभाऊ मान वर न करता म्हणत, "बसवली. तू बी ये."

मग बोंडअळीचं ते साल आलं. हिरवंगार दिसणारं बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी वळवळत असलेली. लोकांनी उभ्या कपाशीत मेंढरं सोडली, कुणी रोटाव्हेटर फिरवला. माझ्या दुकानात त्या वर्षी झोपेच्या गोळ्या मागणारी माणसं वाढली, आणि मी कुणालाही चिठ्ठीशिवाय एकही दिली नाही. ते दिवस मला आठवायला आवडत नाहीत.

अळी तोतारामभाऊंच्या वावरातही शिरली. एकट्यानं रेफ्युजी लावून काय होणार, पतंग काही बांध पाहून उडत नाहीत. पंचनाम्याला साहेब आले तेव्हा शेजारच्या एकानं खोचकपणे विचारलं, "काऊन भाऊ, तुमच्या रेफ्युजीनं काय दिवे लावले?"

तोतारामभाऊ तिथल्या तिथे म्हणाले, "माह्या वावरात अळी हाये, हे कबूल. पन थे माही नाई. थे तुमची हाये. साहेब, लिहून घ्या, अळी शेजाऱ्याची."

साहेबांनी लिहिलं नाही. म्हणून तोतारामभाऊंनी पंचनाम्यावर सही केली नाही. दोन दिवसांनी साहेब पुन्हा आले, तरी नाही. शेवटी साहेबांनी शेऱ्याच्या जागी "शेतकऱ्याचे म्हणणे वेगळे आहे" एवढं लिहिलं, ते भिंगातून दोनदा वाचलं गेलं आणि मग कुठे सही झाली. त्यानंतर गावात त्यांना कुणी हसलं नाही. सगळं गाव एका बाजूला आणि आपण एका बाजूला असलो तर आपणच बरोबर, अशी त्यांची खात्री झाली ती तेव्हापासून. आणि ही खात्री घेऊन ते पोटाच्या दुखण्याला सामोरे गेले.

बेंबीच्या वर आग पडायची. जेवलं की थोडा आराम, पोट रिकामं झालं की पुन्हा जाळ. वर्षभर त्यांनी सोडा, ताक, जिरं असं सगळं करून पाहिलं. मग मेहकरला डॉक्टरीणबाईंनी तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं. पोटाच्या अस्तरात जंतूंनी घर केलं होतं आणि त्यांनीच तिथे जखम करून ठेवली होती. दोन जातींची जंतुनाशकं आणि आम्ल कमी करणारी एक गोळी, चौदा दिवस, एकही दिवस चुकवायचा नाही. चुकवला तर कच्चे जंतू मरतात आणि चिवट तेवढे मागे उरतात, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

तोतारामभाऊंनी यातलं "चिवट तेवढे मागे उरतात" हेच नेमकं उचललं. चिवटांवर उपाय त्यांना ठाऊक होताच, अख्ख्या तालुक्यात त्यांनाच ठाऊक होता. रेफ्युजी. वावराचा पाचवा हिस्सा, तसा औषधाचा पाचवा दिवस.

आग थांबली. तीन महिन्यांनी पुन्हा सुरू झाली. बाईंनी औषध बदलून पुन्हा चौदा दिवसांचं लिहून दिलं. पुन्हा पाचव्या दिवशी सुटी, पुन्हा डबीत भर. दोन वर्षांत असे चार फेरे झाले. मी काउंटरवरून हात जोडले, ओरडलो, एकदा तर औषध परत मागितलं. ते म्हणाले, "तू मेडिकलवाला हायेस, वावर नाई तुले. समजनार नाई."

याच दरम्यान शौचाचा नमुना तपासायचा होता. मी त्यांना झाकणाची प्लास्टिकची डबी दिली आणि वर नाव लिहा म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती आली ती कापडी पिशवीत, वर सुतळीनं बांधलेली चिठ्ठी. माती परीक्षणाला नमुना पाठवतात तशी त्यांनी ती भरली होती. खातेदाराचं नाव, गट नंबर, नमुना घेतल्याची वेळ, आणि खाली लिहिलं होतं: मागील पीक, ज्वारीची भाकर व वांग्याची भाजी. मेहकरच्या लॅबवाल्याचा मला फोन आला. हसू आवरत नसल्यानं त्याला बराच वेळ बोलताच येईना.

तपासणीत जंतू होतेच. आणि एका सकाळी तोतारामभाऊ आले ते पांढरेफटक पडून. दोन दिवस डांबरासारखं काळं शौचाला होत होतं. काळं म्हणजे जखमेतून रक्त. मी दुकान बंद केलं आणि त्यांना स्वतः मेहकरला घेऊन गेलो. तीन दिवस त्यांना तिथे ठेवलं, रक्त थांबलं, आणि निघताना बाईंनी माझ्या देखत सांगितलं, "आता चार औषधं एकत्र देतेय, चौदा दिवस. ही फुकट गेली तर माझ्याकडे फारसं काही उरत नाही. आणि पुढच्या वेळी जखम फुटली तर तुम्ही मेहकरपर्यंत पोचालच असं नाही." मग चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाल्या, "हे जंतू बहुधा घरातल्या घरात पसरतात, एका ताटात जेवण्यातून वगैरे. घरच्यांनाही तपासून घेऊ. कोण कोण आहे?"

"कोनी नाई," तोतारामभाऊ म्हणाले. वच्छलावहिनींना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. सकाळी मिसरी लावताना अर्धांगाचा झटका आला आणि आठ दिवसांत गेल्या. मूलबाळ नव्हतं.

परतल्यावर मी त्यांना दुकानात बसवलं आणि माझं फार्मसीचं जुनं पुस्तक काढलं. अंगात संताप होता. तीन दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर बसून मी ठरवलं होतं की या माणसाला त्याच्याच शास्त्रानं चीत करायचं.

"भाऊ, रेफ्युजी कशासाठी? दांडगीची सोयरीक साधीशी व्हावी म्हनून. बरोबर?"

"बरोबर."

"मंग हे पाहा." मी जंतूचं चित्र दाखवलं. "याचं लग्न होत नाई. नर नाई, मादी नाई. एकाचे दोन होतात, दोनाचे चार. चिवटाचे चिवटच. सोयरीक नाई तं रेफ्युजी कायचं?"

त्यांनी भिंग लावलं. चित्र पाहिलं, खालची ओळ पाहिली, पुन्हा चित्र पाहिलं. दुकानात आलेलं गिऱ्हाईकही थांबलं होतं.

"म्हंजे नवरा-बायको नाई याच्यात?"

"नाई."

"एकटंच?"

"एकटंच."

त्यांनी भिंग खाली सोडलं. "कसं जगत असन बाप्पा," ते म्हणाले आणि उठले. हरल्याचं त्यांनी कबूल केलं नाही, पण रोज सकाळ-संध्याकाळ माझ्यासमोर गोळ्या घ्यायच्या हे मान्य केलं. चार दिवस ते वेळेवर आले. गोळ्यांनी तोंड कडू होई, मळमळे, तरी पाण्याचा पेला ठेवून मला जीभ दाखवत आणि मोठ्यानं म्हणत, "पाह्य, गिळली. सरकारले कळव."

पाचव्या दिवशी सकाळी आले नाहीत.

दुपारी बारापर्यंत वाट पाहिली. मग शटर ओढलं, गोळ्या खिशात टाकल्या आणि त्यांच्या घरी गेलो. डोक्यात रागाचा नुसता भडका उडाला होता. दार उघडंच होतं. तोतारामभाऊ जेवायला बसले होते. समोर पितळेचं भलं मोठं ताट, दोघांना पुरेल असं. भाकर आणि भाजी ताटाच्या एकाच बाजूला वाढलेली, दुसरी बाजू कोरडी, स्वच्छ. ते आपल्या बाजूनं जेवत होते.

मी दारातूनच सुरू केलं. "भाऊ, लग्न होत नाई म्हनून सांगतलं ना मी? समजलं ना तुमाले? मंग आज काऊन सुटी?"

"समजलं. पयल्याच दिवशी समजलं."

"मंग?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "बाई काय म्हने, आयकलं ना तू? एका ताटातून येतात म्हने. पस्तीस वर्सं या ताटात जेवलो आमी. वच्छलेच्या बी पोटात अशीच आग पडे. ज्वारीचं पीठ पान्यात कालवून पेत जाय. तिचेच असतीन ना हे." त्यांनी पोटावर हात ठेवला. "तिचं काय राह्यलं बे माह्याजोळ? लुगडे देऊन टाकले. पोर नाई, बाळ नाई. सगळेच कसे मारू?"

एका जंतूवर जीव लावलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता. त्यांच्यावर संतापावं की त्यांना जवळ घ्यावं, खरंच कळेना. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

"आन तुले सांगतो," ते ताटाकडे पाहत म्हणाले, "रेफ्युजी बी तिचंच. मी तं पयल्या साली पाकीट उकिरड्यावर फेकलं होतं. सगळे फेकत, मी बी फेकलं. तिनं उचलून आनलं. तिले वाचता येत नव्हतं, शास्त्र गिस्त्र काई नाई. 'बियानं हाये ना? मंग मातीत जाईन. टाकू नाई,' म्हने. आन बांधाबांधानं टोबलं एकटीनं. मी हासलो तिले. पाकिटावरचं मंग वाचलं मी, मांगून. लोकं मले हुशार म्हनत, मी म्हनू देल्लं."

कोपऱ्यातल्या फळीवर ती गोल डबी होती. मी उठून ती खाली घेतली, उघडली. लाल-पांढऱ्या कॅप्सूल काठोकाठ.

"भाऊ," मी म्हणालो, "वहिनीनं ते अळीसाठी पेरलं नाई. पाकीट वाया जाऊ नाई म्हनून पेरलं. बरोबर ना?"

"हाव."

"मंग हे काय हाये? दिलेलं औषध तुमी टाकून राह्यले. दोन साल झाले टाकून राह्यले. तिनं टाकू दिलं असतं?"

तोतारामभाऊंनी डबीकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे. त्यांच्या तोंडावर पंचनाम्याच्या दिवशीचा ताठा एकदा येऊन गेला, टिकला नाही. त्यांनी हात धुतला, माझ्यापुढे केला आणि म्हणाले, "आन."

मी गोळ्या दिल्या. त्यांनी गिळल्या. आणि मी तांब्या उचलून ठेवतोय तोवर त्यांनी डबीत हात घालून मूठभर कॅप्सूल बाहेर काढल्या.

"हे काय?"

"वाया नाई जाऊ द्याचं म्हनला ना तू? खातो सगळ्या."

आमची अक्षरशः झटापट झाली. पासष्ट वर्षांच्या, नुकतंच रक्त गेलेल्या माणसाच्या मुठीत एवढा जोर असतो हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी डबी माझ्याकडे आली. जाताना ती मी खिशात घालूनच नेली, कारण या माणसाचा काही भरवसा नव्हता.

चौदा दिवस झाले, एकही सुटी नाही. पुढे महिना-दीड महिना थांबून पुन्हा नमुना गेला, चिठ्ठी पुन्हा तशीच, मागील पीक या वेळी मुगाची डाळ. अहवाल माझ्याकडे आला आणि मी तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भिंगातून वरपासून खालपर्यंत वाचला, लॅबचा पत्ताही सोडला नाही.

"एकबी नाई राह्यला?"

"एकबी नाई."

"बरं झालं," ते म्हणाले. कागदाची घडी करताना त्यांना बराच वेळ लागला. मला आनंद झाला होता आणि त्यांच्याकडे पाहवतही नव्हतं.

"डबी दे माही," ते म्हणाले.

"त्यातल्या कॅप्सूल नष्ट केल्या मी, भाऊ."

"कॅप्सूल कोनं मांगतल्या? डबी दे. बियानं ठेवाचं हाये." मग काउंटरवर दोन्ही हात टेकवून त्यांनी भांडणाचा सूर लावला. "आता कंपनी पाकीट वेगळं देत नाई. एकाच पिशवीत मिसळून देते. दुकानदार म्हन्ते, सोपं झालं काका, आता वेगळं पेराची कटकट नाई. मी म्हनलं, लेका, मिसळून पेरलं तं तिच्या ओळी कोनत्या, मले कसं समजन? मांगच्या साली बांधावरच्या ओळीतली सरकी काढून ठेवली मी. थेच पेरनार. कंपनीले काय कराचं थे करू दे. आन त्या डॉक्टरीणबाईले बी सांग, पोटातलं तिचं आयकलं, बांधावरचं आयकनार नाई."

मी ड्रॉवरमधून डबी काढली. कॅप्सूल काढून टाकल्यावर ती धुवायचं माझ्या मनात होतं, रोजच्या कामात राहून गेलं होतं. ती रिकामी डबी तोतारामभाऊंनी उघडली, नाकाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. दोन वर्षं औषधं भरलेल्या त्या डबीत मिसरीचा वास अजून होता.

त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि डबी बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

"धुतली नाई, हे बरं केलं," ते म्हणाले. "यात शास्त्र हाये, बाप्पा."